‘खुली’ जागा म्हणजे कुणाची जागा?

मैत्रिणींनो, २०१७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते आणि जिन्यात चपलांचा आवाज झाला. आमच्या आळीतली एक मुलगी वर आली. बी.कॉम. झालेली, अबोल, माझ्याकडे मराठी-इंग्रजी व्याकरणाला येऊन बसायची. तिनं एका सरकारी खात्यात लिपिकाच्या जागेसाठी परीक्षा दिली होती. हातात निवड यादीची छापील पानं होती. चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण रडूही नव्हतं. ती नुसती गोंधळून गेली होती.

“ताई, हे जरा बघता का? माझंच काही चुकतंय का?”

मी हात पुसले आणि पानं चाळली. तिला दोनशेपैकी १४८ गुण होते. अर्ज भरला होता इतर मागासवर्गातून. त्या वर्गातल्या महिलांची यादी १५० गुणांवर थांबली होती. दोन गुणांनी हुकलं, वाईट वाटण्यासारखंच. पण पुढच्या पानावर ‘खुला प्रवर्ग – महिला’ अशी दुसरी यादी होती आणि तिच्यातल्या शेवटच्या मुलीला गुण होते १४२.

म्हणजे १४२ वाली नोकरीवर आणि १४८ वाली घरी! मी पुन्हा पुन्हा आकडे वाचले. ती म्हणाली, “मी ऑफिसात जाऊन विचारलं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही ओबीसीतून अर्ज केलाय ना? मग तुमची यादी ही. ती दुसरी यादी तुमची नाही.”

तिच्या वडिलांचं शिवणकामाचं छोटं दुकान. घरात तिच्या लग्नाची बोलणी चाललेली. आई म्हणाली, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. वडील म्हणाले, वकिलाची फी कुठून आणायची? होणाऱ्या सासरकडच्यांनी विचारलं, मुलगी सरकारशी भांडणार का? आणि मी, शिकलेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई, मीसुद्धा तिला म्हणाले, “जाऊ दे गं, पुढच्या वेळी होईल.”

हे वाक्य मला नंतर फार टोचलं. का टोचलं, ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख. तुमच्या घरातली लेक, जाऊ, भाची किंवा तुम्ही स्वतः भरतीचा अर्ज भरणार असाल, तर एवढं वाचाच.

मुळात हे घटनेत बसतं का?

सरकारी नोकरीत बायकांसाठी जागा राखायच्या का, इथूनच भांडणाला सुरुवात होते. घटनेचं १५ वं कलम सांगतं की शासन स्त्री-पुरुष असा भेद करणार नाही. पण त्याच कलमाचा तिसरा भाग सांगतो की स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी शासनाला खास तरतूद करता येईल. १६ वं कलम नोकरीतल्या समान संधीचं. त्यात मागासवर्गांसाठी जागा राखण्याची मुभा आहे, स्त्रियांचा वेगळा उल्लेख नाही. विरोधकांचा मुद्दा नेमका हाच: नोकरीच्या कलमात बायकांचं नाव नाही, मग राखीव जागा कशाच्या जोरावर?

हा वाद आपल्या महाराष्ट्राला जुना आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जळगाव नगरपालिकेत स्त्रियांसाठी ठेवलेल्या जागांना आव्हान दिलं गेलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. १५ व्या कलमाचे दोन्ही भाग एकत्र वाचले पाहिजेत, आणि तसे वाचले तर स्त्रियांच्या बाजूनं वेगळी तरतूद करता येते, स्त्रियांच्या विरुद्ध करता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. पण ते झालं निवडणुकीपुरतं. नोकरीचं काय?

नोकरीत तर उलटाच प्रकार होता. सी. बी. मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी. त्यांच्या सेवेचे नियम काय होते, ठाऊक आहे? स्त्री अधिकाऱ्यानं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतर घरसंसार कामाच्या आड येतो असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येई. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्कच नाही, असंही एक कलम. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. लग्न झालेल्या पुरुषाला संसार आड येत नाही, बाईलाच कसा येतो, हा साधा प्रश्न होता. तुमच्या-माझ्या मनातला!

राखीव जागांचा सोक्षमोक्ष लागला १९९५ साली. आंध्र प्रदेश सरकारनं १९८४ मध्ये नियम केला होता की स्त्री-पुरुष दोघंही सारखेच योग्य असतील अशा जागांपैकी निदान ३० टक्के जागांवर स्त्रिया घ्यायच्या. तिथल्या उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला. निकाल लिहिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी. याच बाई १९७८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शतकानुशतकं बायका सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या मागं राहिल्या, म्हणून तर १५ व्या कलमाचा तिसरा भाग घटनेत आला. बाईला पायावर उभं करायचं तर नोकरीची संधी हीच पहिली पायरी. तीच वगळली तर त्या तरतुदीला अर्थ काय उरला?

तेव्हा राखीव जागा घटनेत बसतात. हा प्रश्न संपला. पण खरे खटके उडतात ते पुढं, जागा मोजताना.

उभे धागे, आडवे धागे

हा भाग जरा रुक्ष आहे, पण चहाचा कप घेऊन शांतपणे वाचा. एकदा समजला की कुठलीही निवड यादी तुम्हाला वाचता येईल.

१९९२ च्या नोव्हेंबरात मंडल आयोगाच्या खटल्याचा निकाल लागला. त्यात सर्वोच्च न्यायालयानं राखीव जागांचे दोन प्रकार सांगितले. लुगड्याच्या कापडात कसे उभे आणि आडवे धागे असतात, तसे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग हे उभे धागे. आपल्याकडच्या जाहिरातीत याला सामाजिक आरक्षण म्हणतात. स्त्रिया, दिव्यांग, माजी सैनिक, खेळाडू हे आडवे धागे. ते प्रत्येक उभ्या पट्ट्यातून जातात. याला म्हणतात समांतर आरक्षण. महाराष्ट्रात १९९४ चं महिला धोरण आलं आणि स्त्रियांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण सुरू झालं. म्हणजे अनुसूचित जातींच्या जागांत ३० टक्के त्या वर्गातल्या स्त्रिया, इतर मागासवर्गाच्या जागांत ३० टक्के त्यांच्यातल्या स्त्रिया आणि खुल्या जागांतही ३० टक्के स्त्रिया.

दोन्ही धाग्यांचं गणित मात्र वेगळं. मागासवर्गातली मुलगी आपल्या गुणांवर खुल्या यादीत आली, तर ती मागासवर्गाच्या जागांत मोजली जात नाही. त्या जागा तशाच शिल्लक राहतात. स्त्रियांच्या जागांचं तसं नाही. स्त्री आपल्या गुणांवर यादीत आली, तर ती स्त्रियांच्या जागांत मोजली जाते.

राजस्थानातल्या न्यायाधीशांच्या भरतीवरून २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं हे उदाहरण देऊन समजावलं. समजा, अनुसूचित जातींसाठी १९ जागा आहेत आणि त्यांतल्या ४ स्त्रियांच्या. आधी गुणांच्या क्रमानं त्या वर्गातली पहिली १९ नावं काढायची. त्यांत चार स्त्रिया आपोआप आल्या असतील, तर यादीला हात लावायचा नाही. दोनच आल्या असतील, तर पुढच्या दोन स्त्रियांना वर घ्यायचं आणि यादीच्या तळातल्या दोन पुरुषांना वगळायचं. आणि आठ स्त्रिया गुणांवर आल्या असतील तर? आठही राहतील. ‘चारच बायका हव्यात’ असं म्हणून एकीलाही काढता येणार नाही.

हे ऐकून माझी एक मैत्रीण फणकारली होती. “म्हणजे हुशार बायका आल्या की राखीव जागा भरली म्हणायचं! मग आपल्याला मिळालं काय?” तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण हे ३० टक्के म्हणजे आमटीला लागणारं कमीत कमी मीठ आहे. एवढं तरी असायलाच हवं, यासाठी ते ठरवलंय. बायका स्वतःच्या गुणांवर साठ टक्के आल्या तरी त्यांना अडवायला कुणी नाही. मात्र काही कार्यालयांत ‘निदान’ हा शब्द गळून जातो आणि ३० टक्क्यांची हद्द होऊन बसते. तिथं भांडावं लागतं.

ती दुसरी यादी कुणाची?

आता माझ्या आळीतल्या मुलीकडं वळते.

मागे एकदा एस.टी.नं जाताना मी मागच्या बाजूला खिडकीजवळ बसले होते. एक गृहस्थ चढले आणि म्हणाले, “बाई, तुमच्या राखीव जागा पुढं आहेत, तिकडं बसा की.” मी म्हटलं, “दादा, पुढच्या जागा बायकांसाठी आहेत हे खरं, पण ही जागा पुरुषांची आहे असं कुठं लिहिलंय?” कंडक्टर हसला. साधी जागा म्हणजे सगळ्या प्रवाशांची जागा.

‘खुला प्रवर्ग’ याचाही अर्थ एवढाच. खुली जागा म्हणजे ज्यांना आरक्षण नाही अशा जातींची राखीव जागा नव्हे. ती सगळ्यांची. मग ‘खुला प्रवर्ग – महिला’ ही जागा कुणाची? कुठल्याही जातीच्या, गुणांनी बसणाऱ्या बाईची. सरळ आहे ना? पण हे सरळ वाक्य सरळ व्हायला किती वर्षं लागली पाहा.

१३ ऑगस्ट २०१४ च्या एका परिपत्रकानं महाराष्ट्रात समांतर आरक्षणाची पद्धत ठरवली गेली. तिचा अर्थ असा लावला जाई की मागासवर्गातल्या स्त्रीनं आपल्याच वर्गातल्या महिलांच्या जागेवर हक्क सांगायचा, खुल्या वर्गातल्या महिलांच्या जागेवर नाही. त्यातून मग विचित्र याद्या लागू लागल्या. खुल्या महिलांची यादी खाली उतरलेली, मागासवर्गातल्या महिलांची वर चढलेली, आणि मधल्या मुली दोन्हीकडून बाहेर. त्यांतल्या काही जणी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांच्या बाजूनं निकालही लागले. अखेर १९ डिसेंबर २०१८ रोजी शासनानं शुद्धिपत्रक काढून पद्धत सुधारली.

मला टोचलं ते इथं. २०१७ च्या मे महिन्यात ती मुलगी माझ्या गच्चीवर उभी होती, तेव्हा आपल्याच उच्च न्यायालयाचे असे निकाल लागलेले होते! तिचं म्हणणं बरोबर होतं. तिला ते ठाऊक नव्हतं, तिच्या वडिलांना नव्हतं आणि मलाही नव्हतं. “माझंच काही चुकतंय का?” असं तिनं विचारलं, आणि चुकलं होतं दुसऱ्याच कुणाचं.

देशभराचा निकाल लागला १८ डिसेंबर २०२० रोजी. प्रकरण उत्तर प्रदेशातल्या पोलीस शिपाई भरतीचं. खुल्या वर्गातून घेतलेल्या शेवटच्या स्त्रीला गुण होते २७४.८२९८. इतर मागासवर्गातल्या एकवीस मुलींना त्याहून जास्त गुण असूनही त्या बाहेर. म्हणजे आमच्या आळीतलीच गोष्ट, फक्त आकडे मोठे! सरकारचं म्हणणं, त्यांची यादी वेगळी. या प्रश्नावर उच्च न्यायालयांतही दोन तट पडले होते. मुंबई, राजस्थान, गुजरात आणि उत्तराखंड एका बाजूला, अलाहाबाद आणि मध्य प्रदेश दुसऱ्या बाजूला.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं मुंबईची बाजू उचलून धरली. निकाल लिहिला न्यायमूर्ती उदय लळीत यांनी. तेच पुढं २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले. त्यांचं म्हणणं असं की सरकारची पद्धत मानली, तर कमी गुणांची उमेदवार आत आणि जास्त गुणांची बाहेर असा अनर्थ होईल. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी वेगळं टिपण जोडून सांगितलं की खुला वर्ग सगळ्यांना खुला आहे आणि तिथं शिरायला गुण ही एकच अट. जास्त गुण मिळवलेल्या त्या मुलींना नोकरी द्या, असा आदेश झाला. आणि आधी नेमलेल्या मुलींना काढू नका, असंही न्यायालयानं बजावलं. मला ते फार आवडलं. कारण १४२ गुणांवर लागलेल्या मुलीचा यात काय दोष? तीही कुणाची तरी लेकच.

सासर, माहेर आणि दाखले

लग्न झालेल्या बाईचे प्रश्न आणखी वेगळे. जन्म एका राज्यात, संसार दुसऱ्या राज्यात. मग महिला आरक्षण कुठलं घ्यायचं?

हा वादही न्यायालयात गेला आहे. उत्तराखंडानं ३० टक्के जागा तिथल्याच रहिवासी स्त्रियांसाठी ठेवल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगितीच थांबवली आणि २०२३ च्या जानेवारीत उत्तराखंडानं त्यासाठी कायदाच केला. उत्तर प्रदेशात महिलांच्या २० टक्के जागा तिथल्याच मूळ रहिवासी स्त्रियांना देण्याचा आदेश होता. तो २०१९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं रद्द केला, कारण रहिवासाची अट फक्त संसदेलाच कायदा करून घालता येते, असं १६ वं कलम सांगतं. बिहारमध्ये २०१६ पासून ३५ टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. जुलै २०२५ मध्ये त्या सरकारनं तो लाभ बिहारच्या रहिवासी स्त्रियांपुरता ठेवायचं ठरवलं. तेव्हा हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, असंच म्हणायचं.

आपल्याकडं महिला आरक्षण हवं असेल तर महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं. बेळगावहून किंवा इंदूरहून सून होऊन आलेल्या मैत्रिणींनी ते आधी करून ठेवावं. जाहिरात निघाल्यावर धावपळ नको.

दुसरा दाखला जातीचा. लग्नानं आडनाव बदलतं, जात बदलत नाही. नवऱ्याच्या जातीच्या आधारानं राखीव जागा मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच सांगितलं आहे. दाखला वडिलांकडूनच काढायचा. आणि तो आहे माहेरच्या नावानं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र सोबत हवंच.

तिसरा दाखला तो नॉन-क्रीमीलेयरचा. यानं बायकांना फार पिडलं. २००१ पासून खुल्या वर्गातल्या स्त्रीलासुद्धा महिला आरक्षणासाठी तो लागायचा. किती जणींचे अर्ज केवळ त्या एका कागदापायी बाद झाले असतील! ४ मे २०२३ च्या शासन निर्णयानं खुल्या महिलांच्या जागांसाठी ही अट काढून टाकली. ती जागा मागणारी बाई कुठल्याही वर्गातली असो, तिला आता तो दाखला लागत नाही. मात्र इतर मागासवर्गासारख्या आपल्या वर्गातली जागा मागायची असेल तर लागतो. त्यात बघतात आईवडिलांची स्थिती, नवऱ्याचा पगार नव्हे. हे पुष्कळ जणींना माहीत नसतं आणि त्या नवऱ्याच्या पगाराकडं बघून अर्जच भरत नाहीत.

पुरुषांची बाजूही ऐकू या

आपल्या घरात मुलगेही आहेत. त्यांना वाटतं, आमच्या जागा गेल्या. याही बाजूनं न्यायालयानं न्याय दिला आहे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथल्या रेल्वे आरक्षणाच्या खिडक्यांवर फक्त स्त्री कारकूनच नेमायच्या, असं रेल्वेनं ठरवलं होतं. नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयानं ते चालू दिलं नाही. छत्तीसगडात परिचर्या महाविद्यालयांतल्या अध्यापकांच्या जागा शंभर टक्के स्त्रियांना ठेवल्या होत्या. २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. राखून ठेवणं वेगळं आणि दुसऱ्याला दारच बंद करणं वेगळं. मला हे पटतं.

पण तोच न्याय उलट बाजूनंही लागतो. लष्कराच्या कायदा शाखेत एका भरतीत पुरुषांना ६ जागा आणि स्त्रियांना ३ अशी वाटणी होती. चौथ्या-पाचव्या क्रमांकावरच्या मुली बाहेर राहिल्या आणि त्यांच्याहून कमी गुणांचे मुलगे आत गेले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही वाटणी रद्द केली. गुणांवर सगळ्या जागा स्त्रियांनी मिळवल्या तर सगळ्या त्यांना द्याव्या लागतील, असा त्याचा अर्थ. पुन्हा तीच गोष्ट: बायकांची संख्या ‘निदान इतकी’ अशी ठरवता येते, ‘इतकीच’ अशी नाही.

अर्ज भरणार असाल तर

• जाहिरात पूर्ण वाचा. कुठल्या वर्गात महिलांच्या किती जागा आहेत, ते वहीत उतरवून घ्या. प्रत्येक राज्याचं प्रमाण वेगळं असतं. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण नोकऱ्यांत आणि सरकारी बँकांत महिलांसाठी असं आरक्षण नाही. केंद्राच्या बऱ्याच परीक्षांना स्त्रियांना फी मात्र माफ असते.

• अर्जात महिला आरक्षणाचा रकाना असतो. ‘मी गुणांवरच येईन’ म्हणून तो रिकामा सोडू नका. दावा केला म्हणून गुणांवरचा हक्क जात नाही, पण न केलेला दावा नंतर मागता येत नाही.

• वयाची सवलत नीट विचार करून घ्या. महाराष्ट्रात बहुतेक पदांना खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गासाठी ४३ वर्षांची मर्यादा आहे. पोलिसांसारख्या पदांची वेगळी. वयाची सवलत घेतली तर काही भरत्यांत खुल्या जागेवर हक्क सांगता येत नाही.

• यादी लागली की फक्त आपलं नाव शोधू नका. ‘खुला – महिला’ या यादीतल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण पाहा. तुमचे त्याहून जास्त असतील आणि नाव नसेल, तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला पुरावा नसतो.

• गुण कळत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि उत्तराला तीस दिवस. सार्वजनिक भरतीतले उमेदवारांचे गुण ही लपवण्याची खासगी बाब नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलं आहे.

• राज्य शासनाच्या पदांची तक्रार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं, म्हणजे ‘मॅट’कडं, जाते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं त्याची पीठं आहेत. सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि नेमणुका होण्याआधी गेलेलं केव्हाही बरं.

• आणि वकिलाच्या फीची भीती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं साध्या कागदावर अर्ज करायचा.

हे शेवटचं मला २०१७ साली माहीत असतं तर! तिच्या वडिलांनी फीचा प्रश्न काढला तेव्हा माझ्याकडं उत्तर असतं. उत्तर नव्हतं, म्हणून मी ‘जाऊ दे’ म्हणाले. आपण बायका एकमेकींना किती सहज म्हणतो ना हे? त्यात माया असते, पण कधी कधी आपलं अज्ञानही असतं.

ती मुलगी आता एकतीस वर्षांची आहे. पाच वर्षांचा मुलगा आहे, एका पतपेढीत तुटपुंज्या पगारावर हिशेब लिहिते. ती जागा काही तिला परत मिळायची नाही. मागच्या महिन्यात माहेरी आली होती, तेव्हा मी तिला बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. माझं चुकलं, हेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे ताई, तेव्हा माझं बरोबर होतं.”

“हो गं. तुझं बरोबर होतं.”

इतक्या वर्षांनी तिचा चेहरा मोकळा झालेला पाहिला. जाताना तिनं विचारलं, वयाची सवलत न घेता अजून किती वर्षं आहेत? मी सांगितलं, अडतिसाव्या वर्षापर्यंत. परवा तिचा फोन आला. एक जाहिरात निघाली आहे, अधिवासाचा दाखला काढला आहे, आणि दुपारी मुलगा झोपला की ती अभ्यासाला बसते. या वेळी यादी लागली की आम्ही दोघी मिळून वाचणार आहोत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.